मोटार चालविण्याचें सुख

२०१० सालच्या ऑक्टोबर महिन्यांत औरंगाबाद शहराचें नांव देशभरच्या वर्तमानपत्रांत झळकलें. २०२३ सालापासून ह्याच शहराचें अधिकृत नांव छत्रपती संभाजीनगर असें आहे. तेथील सधन व्यावसायिकांनीं एकत्र येऊन एकदम १५० मर्सिडीझ गाड्यांची मागणी नोंदविली आणि सुमारें ६५ कोटी रुपयांचा सौदा एका दमांत पार पाडला. मराठवाडा म्हणजे दुष्काळ आणि दारिद्र्य एवढेंच ज्यांना ठाऊक होतें त्यांनीं बोटें तोंडांत घातलीं. पुष्कळ दिवस चर्चा चालली. ती पैशांची, कर्जाची, शहरांतील खड्ड्यांची आणि मराठवाड्याच्या अभिमानाची होती. त्या गलबल्यांत एक साधा प्रश्न मागें राहिला. ह्या गाड्या चालवितांना चालविणाराला काय वाटतें?

गाडी विकत घेण्याचें सुख एक, तिच्या मागच्या गादीवर बसून मिरविण्याचें सुख दुसरें आणि ती स्वतः चालविण्याचें सुख तिसरें. पहिलें किंमतीबरोबर वाढतें. दुसरें गादीच्या मऊपणाबरोबर आणि पाहणारांच्या संख्येबरोबर वाढतें. तिसऱ्याचा किंमतीशीं फारसा संबंध नाहीं. कधीं तें मोलाच्या गाडींत हरवतें आणि वडिलांच्या जुन्या लहानशा गाडींत अकस्मात् सांपडतें. ज्या घरांत नवी मोटार यावयाची असते तेथें पहिल्या दोन सुखांची चौकशी अगदीं बारकाईनें होते. तिसऱ्याची चौकशी केली तर ती तरुणपणाची हौस समजली जाते. वस्तुतः गाडी चालविणाराच्या आणि त्याच्या शेजारीं बसलेल्या माणसांच्या जिवाशीं अत्यंत निकट संबंध असेल तर तो ह्या तिसऱ्या सुखाचा होय. तो कसा, हें पाहण्यासारखें आहे.

मोटार कितीहि मोठी असो, तिचा रस्त्याशीं प्रत्यक्ष संबंध चार तळहातांएवढ्या जागेंतून येतो. प्रत्येक टायरचा जेवढा भाग एका क्षणीं जमिनीला टेकलेला असतो, तो साधारण एका माणसाच्या तळहाताएवढा असतो. गाडी वेग घेते ती ह्या चार तळहातांच्या पकडीनें. थांबते ती त्याच पकडीनें. आणि वळते तीहि त्याच पकडीनें. ह्या पकडीला मर्यादा आहे. मिळकत ठरलेली असावी आणि खर्चाच्या वाटा तीन असाव्या, तसाच हा प्रकार आहे. ब्रेकवर सारी पकड खर्च केली तर वळण्यासाठीं कांहींच शिल्लक राहत नाहीं. वळणांत गाडी ओढून धरली असतां त्याच वेळीं जोरानें ब्रेक दाबला तर हिशेब तोट्यांत जातो आणि गाडी घसरते. उत्तम चालकाचें सारें कसब ह्या एका हिशेबांत आहे, आणि चालविण्याचा आनंद म्हणजे हा हिशेब कागदावांचून, हातापायांनीं आणि पाठीच्या कण्यानें क्षणोक्षणीं जमविण्याचा आनंद आहे.

जपानांतील माझ्दा कंपनीनें १९८९ सालीं एमएक्स-५ नांवाची दोन माणसांची लहान उघडी मोटार बाजारांत आणली. तिचें इंजिन अवघें १.६ लिटरचें आणि वजन एक टनापेक्षां कमी. शर्यतीच्या गाडीपुढें ती कांहींच नव्हती; तरीहि चालविण्याच्या सुखाची गोष्ट निघाली म्हणजे जगांतील रसिक आजहि तिचें नांव प्रथम घेतात. तिच्या निर्मात्यांनीं आपलें ध्येय 'जिनबा इत्ताई' ह्या शब्दांत सांगितलें. घोडा आणि स्वार एकजीव होणें हा त्याचा अर्थ. महाराष्ट्राला ही कल्पना परकी वाटूं नये. ज्या मुलखांत घोड्यावरच्या बैठकीला 'मांड' असा स्वतंत्र शब्द आहे, त्या मुलखाला हें समजावून सांगावें लागत नाहीं. पक्की मांड असलेल्या स्वाराला घोडा बिचकणार हें त्याच्या अंगाच्या थरथरीवरून आधींच कळतें. आणि चांगल्या घोड्यालाहि स्वाराच्या गुडघ्याचा दाब पुरतो, टांच मारावी लागत नाहीं. चांगली मोटार ती, जी असा दोन्हीकडून संवाद करते. हातानें विचारावें आणि गाडीनें लगेच, तेवढेंच, ना कमी ना जास्त, उत्तर द्यावें.

हा संवाद चालतो कसा? त्याचा पहिला मार्ग स्टिअरिंगचा. मोटारीचीं पुढचीं चाकें अशा बेतानें बसविलेलीं असतात कीं, वळविल्यावर तीं आपोआप सरळ होऊं पाहतात. वळणांत शिरल्यावर हाताला जें ओझें जाणवतें तें ह्या ओढीचें. यांत एक मोठी मौज आहे. टायरची पकड संपत आली म्हणजे ती प्रत्यक्ष संपण्याच्या थोडें आधींच ही ओढ कमी होऊं लागते. हातांतलें चक्र किंचित् हलकें झालें कीं जाणत्या चालकानें समजावें, टायर सांगत आहे, आतां पुरें. पूर्वीं स्टिअरिंग हलकें करण्यासाठीं तेलाच्या दाबाची योजना असे. तिच्यांतून हा निरोप बराचसा हातापर्यंत पोंचे. अलीकडे बहुतेक गाड्यांत तें काम विजेची लहान मोटर करते. तेलाचा पंप सतत फिरवावा लागत नसल्यामुळें इंधन वांचतें, गर्दींत गाडी उभी करणें सोपें जातें. पण निरोप्याच्या हातीं चिठ्ठी देण्याऐवजीं त्याच्याकडून तोंडी सारांश ऐकावा तसें पुष्कळदां होतें. ज्या कंपन्यांनीं ह्यावर मेहनत घेतली त्यांच्या गाड्यांत सारांशहि बऱ्यापैकीं स्पष्ट येतो. ज्यांनीं घेतली नाहीं, त्यांच्या गाड्यांचें स्टिअरिंग रस्त्यावर काय चाललें आहे ह्याविषयीं चकार शब्द काढीत नाहीं.

दुसरी गोष्ट वजनाची. जड गाडीला निघावयाला, थांबावयाला आणि वळावयाला जास्त जोर लागतो, हें उघड आहे. त्याहूनहि बारीक गोष्ट अशी कीं, वजन कोठें ठेवलें आहे ह्यावर गाडीचा स्वभाव ठरतो. डोक्यावर हंडा घेऊन चालणारी बाई आणि कमरेवर कळशी घेऊन चालणारी बाई ह्यांच्या चालींत जो फरक पडतो तोच उंच आणि बुटक्या गाडींत पडतो. उंच गाडी वळणावर बाजूला कलते, आणि दुसरें वळण लगेच उलट दिशेचें आलें तर पहिला कल सांवरेपर्यंत तिला सवड मिळत नाहीं. १९८३ सालीं बाजारांत आलेली मारुती ८०० जेमतेम साडेसहाशें किलोंची होती. तिच्यांत ना शक्ति होती ना थाट. पण तिनें शिकलेल्या पिढीला ती अजून आठवते, ह्याचें एक कारण तिचा हलकेपणा आहे. चालक आणि रस्ता ह्यांच्यामध्यें त्या गाडींत फार कमी वस्तु होत्या.

तिसरी गोष्ट पायाखालच्या पेडलांची आणि गियरची. ब्रेकचें पेडल थोडें दाबल्यावर थोडें आणि अधिक दाबल्यावर अधिक काम करणारें असावें. अर्ध्या वाटेपर्यंत कांहींच नाहीं आणि पुढें एकदम सर्व, असा ब्रेक म्हणजे रागीट माणसाशीं बोलणें. इंजिनाचेंहि तसेंच. २००१ सालीं छत्रपती संभाजीनगराजवळ जालना रस्त्यावरच्या शेंद्रा येथें चेक देशांतील स्कोडा कंपनीच्या ऑक्टाव्हिया मोटारी जुळवून बाहेर पडूं लागल्या. २००४ सालीं त्याच ऑक्टाव्हियाची आर.एस. नांवाची आवृत्ति भारतांत आली. तिचें इंजिन १.८ लिटरचें आणि १५० अश्वशक्तीचें होतें, आणि त्याला टर्बो जोडलेला होता. टर्बोची युक्ति अशी कीं, इंजिनाबाहेर फेंकल्या जाणाऱ्या गरम वायूवर एक चक्र फिरवावयाचें आणि त्या चक्राकडून इंजिनांत जास्त हवा कोंबून घ्यावयाची. पाय दाबल्यावर चक्र वेग घेईपर्यंत क्षणभर कांहीं घडत नाहीं. मग पाठीवर थाप बसल्यासारखी गाडी झेपावते. त्या थापेचा मोह पुष्कळांना पडला, आणि ह्या गाडीनें देशांत रसिकांचा एक स्वतंत्र संप्रदायच निर्माण केला. तरीहि जे तिचे खरे भक्त होते ते थापेपेक्षां तिच्या वळणांतील स्थिर चालीचें आणि हातानें टाकावयाच्या गियरचें कौतुक अधिक करीत. थाप सरळ रस्त्यावर दोनदां मजेची वाटते. तिसऱ्यांदां तिची संवय होते. गाडी दर वळणाला जें नवें उत्तर देते त्याची मात्र संवय होत नाहीं.

हें सारें प्रत्यक्ष पाहावयाचें असेल तर ह्याच शहरांतून निघणाऱ्या दोन वाटा पाहाव्या. एक जुनी. ती दौलताबादच्या तटाच्या दरवाजांतून जाते, जेथें समोरून बस आली तर मोटारीला थांबून वाट द्यावी लागते. मग घाट चढून खुलताबाद, पुढें वेरूळ, पुढें कन्नड, आणि कन्नडच्या पलीकडे चाळीसगांवाकडे उतरणारा औट्रम घाट. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीं खानदेशांत भिल्लांचें पथक उभारणाऱ्या जेम्स औट्रमचें हें नांव. आसपासचे लोक ह्याला नुसता कन्नडचा घाटहि म्हणतात. दुसरी वाट नवी. नागपूर ते मुंबई असा ७०१ किलोमीटरांचा समृद्धि महामार्ग शहराच्या उत्तरेकडून जातो. माळीवाडा किंवा सावंगी येथें त्याच्यावर चढतां येतें. ११ डिसेंबर २०२२ रोजीं त्याचा नागपूर ते शिर्डी हा पहिला टप्पा खुला झाला आणि ५ जून २०२५ रोजीं शेवटचा. सहा पदर, अडथळा नाहीं, सिग्नल नाहीं. आंखणी ताशी १५० किलोमीटरांची, मोटारींना परवानगी १२० ची.

सामान्य समजूत अशी कीं, सुख दुसऱ्या वाटेवर असणार. थोडें गणित केलें तर वेगळें दिसतें. वळणांत गाडीला बाजूला फेंकणारा जोर वेगाच्या वर्गाप्रमाणें वाढतो आणि वळण जितकें रुंद तितका तो कमी होतो. घाटांतील एका वळणाची त्रिज्या २० मीटर धरावी आणि गाडीचा वेग ताशी अवघा ३० किलोमीटर. महामार्गावरच्या एका वळणाची त्रिज्या १,००० मीटर धरावी आणि वेग पुरता १२०. हिशेब असा निघतो कीं, घाटांत ३० च्या वेगानें जाणाऱ्या चालकाच्या अंगावर जो जोर येतो तो महामार्गावर १२० नें जाणाऱ्याच्या अंगावरील जोराच्या तिप्पट असतो. पहिल्याला स्टिअरिंग, गियर, ब्रेक, आरसा, कड्याकडची बाजू, समोरचा ट्रक, रस्त्यावर बसलेलें वानर, ह्या सर्वांशीं एकाच वेळीं बोलावें लागतें. दुसऱ्याला तासन् तास कांहींच करावें लागत नाहीं. घाट उतरून चाळीसगांवच्या सपाटीला लागलेला चालक दमलेला असला तरी टवटवीत दिसतो. महामार्गावरून दोनशें किलोमीटर आलेला चालक दमलेला नसतांहि पेंगुळलेला असतो.

आणि येथें गमतीचा विषय संपून गंभीर विषय सुरू होतो. ताशी १२० किलोमीटरांच्या वेगानें मोटार एका सेकंदांत ३३ मीटर जाते. दोन सेकंद डोळे मिटले तर ६६ मीटरांचा प्रवास चालकावांचून होतो. ताशी ६० किलोमीटरांवरून कोरड्या रस्त्यावर चांगली गाडी सुमारें १८ मीटरांत थांबते. वेग दुप्पट केला तर अंतर दुप्पट होत नाहीं, चौपट म्हणजे सुमारें ७१ मीटर होतें, आणि पाय ब्रेकवर पडेपर्यंतचें अंतर ह्यांत धरलेलें नाहीं. १ जुलै २०२३ च्या मध्यरात्रीनंतर बुलढाणा जिल्ह्यांत सिंदखेडराजाजवळ समृद्धि महामार्गावर एक खाजगी बस उलटून पेटली आणि २५ माणसांचा अंत झाला. त्या अपघाताचें कारण ठरविण्याचें हें स्थळ नव्हे. पण त्या काळांत 'महामार्ग-संमोहन' ह्या शब्दाची वर्तमानपत्रांतून फार चर्चा झाली. रस्ता एकसारखा, इंजिनाचा आवाज एकसारखा, दृश्य एकसारखें. डोळे उघडे असतात, हात चक्रावर असतात, आणि मन मात्र निघून गेलेलें असतें. ज्या वाटेवर गाडी कांहीं विचारीत नाहीं त्या वाटेवर माणूस उत्तर देण्याचें विसरतो.

ह्या पार्श्वभूमीवर मोटारींत आलेल्या इलेक्ट्रॉनिक साहाय्यकांकडे पाहिलें पाहिजे. त्यांच्याविषयीं दोन टोंकाचीं मतें ऐकूं येतात. एक मत रसिकांचें: यंत्रच सारें करूं लागलें तर चालकाची कला ती काय राहिली? दुसरें मत गृहस्थांचें: जितकीं यंत्रें अधिक तितकी गाडी निर्धोक. दोन्ही मतांत एकच चूक आहे. ह्या साहाय्यकांच्या दोन निराळ्या जाती आहेत, आणि त्या एका पंक्तींत बसविल्या जातात.

पहिल्या जातीचे साहाय्यक चालकाच्या पाठीशीं उभे असतात आणि तो चुकला तरच पुढें येतात. त्यांतील सर्वांत परिचित म्हणजे एबीएस. ब्रेक जोरानें दाबल्यावर चाक फिरावयाचें थांबून नुसतें घासत जाऊं लागलें कीं, तें वळविलें तरी गाडी वळत नाहीं. एबीएस प्रत्येक चाकाच्या फिरण्यावर नजर ठेवतें, आणि एखादें चाक अडकूं लागलें कीं सेकंदांत अनेक वेळां ब्रेक सैल करून पुन्हां दाबतें. ही कल्पना आधीं विमानांच्या चाकांसाठीं निघाली. मोटारींसाठीं बॉश कंपनीनें बनविलेली इलेक्ट्रॉनिक यंत्रणा १९७८ सालीं मर्सिडीझच्या एस-क्लास गाडींत आली. भारतांत २०१९ सालापासून नव्या मोटारींना ती सक्तीची झाली. तिचें काम चालू असतां पेडल पायाखालीं थडथडतें. ज्याला हें ठाऊक नाहीं तो घाबरून पाय उचलतो, आणि नेमक्या गरजेच्या क्षणीं ब्रेक सोडून देतो.

दुसरा साहाय्यक ईएसपी, म्हणजे गाडीचा तोल सांवरणारी यंत्रणा. ती १९९५ सालीं आली. चालकानें स्टिअरिंग किती वळविलें आणि गाडी प्रत्यक्षांत किती वळत आहे, ह्या दोन गोष्टी ती सतत ताडून पाहते. त्यांत तफावत पडली तर ती चारांपैकीं एकाच चाकाचा ब्रेक लावते. गाडीचें नाक वळणाबाहेर चाललें तर आंतलें मागचें चाक धरते. शेपूट बाहेर फेंकलें जाऊं लागलें तर बाहेरचें पुढचें चाक धरते. असें एकच चाक धरून गाडी सांवरणें कोणाहि माणसाला शक्य नाहीं, कारण त्याच्या पायाखालीं पेडल एकच असतें. ह्या यंत्रणेला प्रतिष्ठा मिळाली ती एका फजितीनें. १९९७ सालच्या ऑक्टोबरांत स्वीडनमधील एका मोटार-मासिकानें मर्सिडीझच्या नव्या ए-क्लास गाडीची परीक्षा घेतली. रस्त्यांत एकाएकीं सांबरासारखें मोठें जनावर आलें तर त्याला चुकवून पुन्हां आपल्या पदरांत यावयाचें, अशी ती परीक्षा. गाडी तींत उलटली. कंपनीनें विक्री थांबविली, गाड्या परत बोलाविल्या आणि त्या लहान गाडींतहि ईएसपी कायमची बसविली. जी वस्तु श्रीमंतांच्या गाडीपुरती होती ती तेव्हांपासून सामान्यांच्या गाडीकडे सरकूं लागली.

ह्या जातीच्या साहाय्यकांनीं चालविण्याचें सुख कमी होतें काय? गरीब जनावराच्या पाठीवर बसून अंधाऱ्या वाटेनें जाणाऱ्या स्वाराला जनावर कड्याच्या टोंकावर पाय टाकीत नाहीं ह्याचा जसा आधार वाटतो, तसाच हा आधार आहे. कड्यापर्यंतची सारी वाट स्वाराचीच असते. मात्र येथें गाडी-गाडींत फरक पडतो. कांहीं गाड्यांत ही यंत्रणा भित्र्या आजीसारखी वागते. वळणांत जरा कोठें टायर कुरकुरला कीं इंजिनाचा गळा दाबते, आणि चढणीवर नेमक्या वेळीं शक्ति काढून घेते. जाणत्या कारागिरांनीं जुळविलेल्या गाडींत ती उशीरां येते, हलक्या हातानें येते आणि काम झाल्यावर न सांगतां निघून जाते. गाडी पारखतांना ही यंत्रणा आहे किंवा नाहीं एवढें विचारून भागत नाहीं. ती कशी वागते हें पाहावें लागतें. कांहीं वेगवान गाड्यांत ती बंद करण्याचें बटण असतें. तें शर्यतीच्या बंदिस्त मार्गासाठीं आहे. घाटांत, जेथें वळणापलीकडे कोणाची बैलगाडी असेल हें माहीत नसतें, तेथें तें बटण दाबण्यांत शौर्य नाहीं.

तरीहि ह्या पाठराख्यांविषयीं एक इशारा द्यावयास हवा. जर्मनींतील म्युनिक शहरांत १९८० च्या दशकांत टॅक्सींवर एक प्रयोग झाला. कांहीं टॅक्सींना एबीएस बसविलें, कांहींना नाहीं. अपेक्षा अशी कीं पहिल्यांचे अपघात घटतील. ते घटले नाहींत. एबीएसवाले चालक अधिक धसमुसळेपणानें, पुढच्या गाडीच्या अधिक जवळून गाड्या हांकूं लागले होते. यंत्रानें जी सुरक्षितता दिली ती त्यांनीं धाडसावर खर्च करून टाकली. ईएसपीच्या बाबतींत मात्र पुढील अनुभव पुष्कळच चांगला आला. एकटी गाडी घसरून होणारे अपघात तिनें खरोखर कमी केले. तथापि चार तळहातांएवढी पकड मुळांत जेवढी आहे तेवढीच राहते, ती कोणतेंहि यंत्र वाढवूं शकत नाहीं. झिजलेल्या टायरांवर आणि पहिल्या पावसाच्या तेलकट रस्त्यावर उत्तम ईएसपीहि असहाय होते.

दुसऱ्या जातीचे साहाय्यक अलीकडचे आहेत. ते चालकाच्या पाठीशीं उभे न राहतां त्याच्या जागीं बसूं पाहतात. समोरच्या गाडीचें अंतर रडारनें मोजून वेग कमीजास्त करणें, रस्त्यावरचे पांढरे पट्टे कॅमेऱ्यानें पाहून गाडी पदरांत ठेवणें, हीं कामें ते करतात. त्यांचा उपयोग नाहीं असें नव्हे. समोर एकाएकीं वाहन थांबलें असतां आपण होऊन ब्रेक लावणारी यंत्रणा आणि चालक पेंगूं लागला तर त्याला हांक मारणारी यंत्रणा ह्या खरें पाहतां पहिल्याच जातीच्या, पाठराख्याच आहेत. पण वेग आणि दिशा हीं दोन्हीं कामें यंत्राकडे गेलीं म्हणजे माणसाकडे एकच काम उरतें: कांहीं न करतां जागें राहणें. माणसाला हें काम फार वाईट जमतें. रात्रपाळीच्या पहारेकऱ्यालाहि फेऱ्या घालावयाला लावतात, तें उगीच नव्हे. पट्टे पुसलेले, समोरून उलट्या बाजूनें येणारी दुचाकी, कडेनें चाललेला ऊंसाचा ट्रॅक्टर, अशा ठिकाणीं यंत्र एकाएकीं हात वर करतें आणि ज्या माणसाला तें गाडी परत देतें तो मनानें तेथें नसतो. महामार्गावर संमोहनाचें भय आधींच आहे. त्यांत हा साहाय्यक चालकाला अधिक मोकळा करतो, आणि तेवढ्या प्रमाणांत त्याला अधिक दूर नेतो.

म्हणून चालविण्याचें सुख ही हौसेपुरती गोष्ट राहत नाहीं. ज्या गाडीचें स्टिअरिंग बोलतें, जिचा ब्रेक मोजून उत्तर देतो, जिचें वजन बेताचें आहे, ती गाडी चालकाचें लक्ष वारंवार आपल्याकडे आणि रस्त्याकडे ओढून घेते. तें लक्ष हेंच सुख आणि तें लक्ष हीच सुरक्षितता. दोन्ही एकाच झाडाचीं फळें आहेत. ज्या गाडीनें चालकाला सर्व आवाजांपासून, सर्व धक्क्यांपासून आणि सर्व कामांपासून दूर ठेवलें, तिनें मागच्या गादीवरच्या माणसाची सेवा केली आणि पुढच्या माणसाला एकटें पाडलें.

घरांत नवी मोटार घेतांना एखाद्या दिवशीं ही चौकशी करून पाहावी. दुकानाबाहेरच्या सरळ रस्त्यावर गाडी फिरवून आणण्याऐवजीं ती थोड्या खडबडीत, वळणाच्या वाटेवर, ३०-४० च्या वेगानें चालवून पाहावी. हाताला रस्ता कळतो काय, ब्रेक पायाशीं प्रामाणिक आहे काय, एक वळण संपून दुसरें लागतांना गाडी डुलत राहते कीं सांवरून तयार होते, एवढें पाहिलें तरी पुरें. गाडी घरीं आल्यावर एखाद्या मोकळ्या मैदानांत, कोणी जवळ नसतांना, जाणत्या माणसाला शेजारीं बसवून एकदां जोरानें ब्रेक दाबून एबीएसची थडथड पायाला ओळखीची करून घ्यावी, म्हणजे खऱ्या प्रसंगीं पाय उचलला जाणार नाहीं. टायर झिजलेले नसावे आणि त्यांत हवा पुरेशी असावी. ह्या दोन गोष्टींना कोणताहि साहाय्यक पर्याय नाहीं. लांबच्या सरळ मार्गावर निघतांना वेग यंत्राकडे दिला तरी दिशा आपल्या हातीं ठेवावी, आणि दोन तासांनीं उतरून चार पावलें चालावें.

संभाजीनगराहून चाळीसगांवाकडे उतरणारा चालक घाटाच्या तोंडाशीं आला म्हणजे नकळत पाठ सरळ करतो, गाणें बंद करतो आणि दोन्ही हात चक्रावर ठेवतो. शेजारीं बसलेलीं माणसेंहि गप्प होतात. पुढचा अर्धा तास गाडी आणि माणूस एकमेकांशीं बोलत असतात, आणि खालीं सपाटीला लागल्यावर चालकाच्या चेहऱ्यावर जें हंसूं दिसतें तें कोणत्याहि दुकानांत विकत मिळत नाहीं. त्याच माणसानें तीच सरळ पाठ समृद्धि महामार्गावरहि ठेवली तर त्याच्या घरचीं माणसें निश्चिंतपणें झोपतील.